मंदाकिनीबाईंच्या वाट्याची अमेरिका

जूनमध्ये आर्ट्सच्या प्राध्यापकाला फार काम नसतं. सायन्सच्या खिडकीबाहेर रांग लागते, कॉमर्सच्या खिडकीवर पालक भांडत असतात आणि आमच्या टेबलापाशी कोणी आलंच तर ते बहुधा सायन्सची खिडकी कुठे म्हणून विचारायला. त्यामुळे साठीच्या आसपासच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या आणि खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई समोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी पेपरातून मान वर न काढताच सांगितलं, "सायन्स पलीकडे."

"मला तुमच्याकडेच यायचं होतं," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय राजकारण आपणच शिकवता ना? त्यात व्हिसा असतो का?"

मी पेपर खाली ठेवला. वीसएक वर्षं मी हा विषय शिकवतो आहे. यात मार्क पडतात का, आणि यूपीएससीला याचा उपयोग होतो का, हे दोनच प्रश्न मला आजवर विचारले गेले होते.

"व्हिसा नसतो," मी म्हणालो. "तो कोण देतं आणि का देत नाही, हे थोडंफार येतं."

"मग चालेल," असं म्हणून त्यांनी पिशवीतून प्रवेशाचा अर्ज काढला. पहिली दोन वर्षं त्यांनी घरी वाचून, बाहेरून परीक्षा देऊन काढली होती. तिसऱ्या वर्षाला मात्र वर्गात बसायचं होतं. अर्जावर नाव होतं मंदाकिनी दिगंबर वगैरे, आणि 'पालकाची सही' या जागी त्यांनी स्वतःच सही ठोकली होती.

पुण्यात कशाचाही क्लास निघतो, आणि मंदाकिनीबाईंचा क्लासवर पूर्ण विश्वास होता. सासूबाईंना मधुमेह झाला तेव्हा त्यांनी आहारशास्त्राचा कोर्स केला. नवऱ्याच्या पेन्शनचा घोळ झाला तेव्हा पेन्शनचे नियम आणून वाचले आणि कचेरीतल्या साहेबालाच कलमं ऐकवली. संगणक आला, संगणक शिकल्या. घरात अडचण आली की तिचा अभ्यास करायचा आणि अभ्यास पुरा झाला की अडचण सुटते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. या वेळची अडचण अमेरिकेची होती, म्हणून त्या बी.ए.ला आल्या.

अडचण अशी. एकुलता एक मुलगा अभिनव. इंजिनियर होऊन हिंजवडीला लागला, तेव्हा कोथरूडच्या स्टॉपवर कंपनीची बस येईपर्यंत आई डबा घेऊन त्याच्यामागे धावायची. मग तो सहा महिन्यांसाठी म्हणून कंपनीच्या कामाला ऑनसाइट, अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. लग्नाला इथे आला, मुलगी तिकडे झाली, तिचं नाव ओवी. रीतसर ग्रीन कार्डाचा अर्ज केला, आणि तिथे गाडी रुतली. कुठल्याही एका देशात जन्मलेल्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्डं द्यायची नाहीत, असा तिथला कायदा. आपले इंजिनियर लाखांनी. त्या रांगेत माणूस म्हातारा होतो. तोवर व्हिसाची मुदत वाढवत राहायचं. त्यातही मेख अशी की मुदत वाढली तरी पासपोर्टावरचा शिक्का जुनाच राहतो. तिथे राहून नोकरी करायला काही हरकत नाही. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत शिरायला मुंबईच्या वकिलातीचा नवा शिक्का लागतो. तो आठवड्यात मिळेल, नाहीतर 'अधिक चौकशी'त अडकून महिनोन् महिने मिळणार नाही. इतके दिवस कोणती कंपनी थांबते? नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि बायकापोरं तिकडे, आपण इकडे.

आणि इकडे दिगंबररावांना, म्हणजे मंदाकिनीबाईंच्या यजमानांना, फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा बरा होणारा आजार नव्हे, आहेत तोवर आहेत. विमानात बसण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. अभिनव पाच वर्षांत आला नव्हता आणि त्यांना तो एकदा बघायचा होता. मंदाकिनीबाईंना माझ्या विषयाकडून हवं होतं ते एवढंच. मुलगा येऊ शकेल का, आणि आला तर परत जाऊ शकेल का.

मला हे पुष्कळ उशिरा कळलं. जूनमध्ये कळलं असतं तर मी त्यांना एखाद्या वकिलाचा पत्ता दिला असता. आमच्या विषयात युद्धं असतात, तह असतात, महासत्ता असतात. एका माणसाचा पासपोर्ट नसतो.

माझ्या वर्गाची एक रीत आहे. जुलैत मी एका डब्यात चिठ्ठ्या टाकतो, प्रत्येक चिठ्ठीवर एक देश. ज्याला जो देश येईल तो वर्षभर त्याचा. त्याच्या बातम्या रोज वाचायच्या, आणि वर्गात त्या देशाबद्दल बोलताना 'ते' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं. आपल्या देशावर टीका करायची नाही, त्याची बाजू मांडायची; टीका करायला बाकीचे देश बसलेलेच असतात. माझी बहुतेक मुलं विदर्भ-मराठवाड्यातून येतात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याने, राहतात आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांना ब्राझील काय आणि बेल्जियम काय, पाठ करायची नावं. 'आम्ही' म्हणायला लागलं की देश जरा अंगात येतो. ही रीत मी शोधून काढली याचा मला अभिमान आहे, आणि आमच्या कॉलेजात अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टी फार नसल्याने तो मी जपून ठेवतो.

मंदाकिनीबाईंना भूतान आला. अमेरिका आली राजनंदिनीला. ही यवतमाळची मुलगी, सकाळी कॉलेज करून दुपारपासून खराडीच्या एका कॉल सेंटरात जाणारी. बाई उठल्या, तिच्या बाकापाशी गेल्या आणि दोघींचं काहीतरी कुजबुजणं झालं.

"सर, काकू अदलाबदल मागतायत," राजनंदिनी म्हणाली. "मला भूतान चालेल. एकदम चालेल. वाचायला कमी आहे."

नियमात बसत नव्हतं. पण नियम मीच केलेला होता, आणि अमेरिका कोणी स्वतःहून मागितल्याचं मी प्रथमच पाहत होतो. मी हो म्हटलं.

त्यानंतर वर्गात काय मजा आली म्हणता! पहिल्या बाकावर पदर खोचून बसलेल्या मंदाकिनीबाई शांतपणे सांगायच्या, "इराणच्या करारातून आम्ही बाहेर पडलो, कारण तो करार आमच्या सोयीचा नव्हता." किंवा, "चीनच्या मालावर आम्ही शुल्क वाढवलं आहे. चीनने मनाला लावून घेऊ नये." चीन झालेला मुलगा गंगाखेडचा होता, तो खरोखरच मनाला लावून घ्यायचा. मुलं त्यांना काकू म्हणत, आणि काकूंचा अभ्यास पाहून धास्तावत. प्राध्यापकही धास्तावला होता. मी एखादं कलम ढोबळ सांगितलं की बाई हात वर करून म्हणत, "सर, आपण म्हणता ते बरोबर आहे, फक्त तो कायदा नंतर बदलला."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला घरी फराळाला बोलावलं. तेव्हा दिगंबरराव प्रथम भेटले. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि बोलणं नळीसकट खास पुणेरी.

"या सर. आमच्या घरात सध्या अमेरिका स्वयंपाक करते," ते म्हणाले. "परवा चहात साखर जास्त मागितली, तर म्हणाली आमच्या धोरणात बसत नाही. मी आपला छोटा देश. गप्प बसलो."

बाई हसल्या. मग करंज्यांची बशी पुढे करता करता त्यांनी मला अभिनवची सगळी हकिगत सांगितली. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक पत्रक काढतं, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर लागला ते त्यात असतं. बाई ते दर महिन्याला वाचत. कधी तारीख आठवडाभर पुढे सरके, कधी महिनोन् महिने हलतच नसे, आणि कधी चक्क मागे जाई.

"तारीख मागे कशी जाते हो?" दिगंबररावांनी मला विचारलं. "मी विम्यात तीस वर्षं काढली. आमच्याकडे माणूस मरायचा, पण तारीख मागे जात नव्हती."

मला उत्तर येत होतं, पण ते दमून मागे टेकले आणि मी ते सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

डिसेंबरात मी वर्गात चर्चा ठेवली: माणसांचं स्थलांतर आणि राष्ट्रांचे अधिकार. भारत होता सुदर्शन, वाशीमचा, आवाजाने दणदणीत. त्याने पहिला हल्ला अमेरिकेवरच केला.

"काकू, आमचे पोरं तुमच्याइथं येऊन राबतात, टॅक्स भरतात. मंग त्याइले लायनीत कावून उभं ठेवलं? ज्याचा बाप इथं मरून रायला, त्यानं काय कराव?"

शेवटचं वाक्य तो सहज बोलला. त्याला बाईंच्या घरचं काही माहीत नव्हतं. चर्चा थांबवावी म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठलो, तोवर बाई बोलायला लागल्या होत्या.

"आमच्या घरात कोणी यावं हे आम्ही ठरवणार. तुम्हीही तेच करता. सरहद्दीवर तुमचंही कुंपण आहे. आमचा वाटा सगळ्या देशांना सारखा आहे. तुमची रांग लांब आहे, कारण तुमची माणसं जास्त आहेत आणि त्यांना पुरेल असं काम तुमच्याकडे नाही. एवढी इंजिनियरिंग कॉलेजं काढलीत ती आम्हाला विचारून काढलीत का?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "आणि येताना प्रत्येकाने नियम वाचून सही केलेली आहे. बाप म्हातारा होणार हे तेव्हाही माहीतच होतं. आम्ही कोणाला फसवलेलं नाही."

मी बाईंना पैकीच्या पैकी मार्क दिले. इतकी चोख बाजू माझ्या वर्गात तोवर कोणी मांडली नव्हती.

तास संपल्यावर सुदर्शन त्यांच्यामागे आला. "काकू, तुमी तं खरंच त्याइच्या बाजूनं बोलून रायले."

"अरे, त्यांचं चुकत नाहीये रे," बाई पिशवी आवरत म्हणाल्या. "मी सहा महिने शोधतेय. कुठे चूक सापडली तर बोट ठेवता येईल म्हणून शोधतेय. सापडतच नाही."

जानेवारीत दिगंबररावांना दवाखान्यात हलवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा नळी जाऊन तोंडावर मास्क आला होता. त्यांनी तो हाताने बाजूला केला. बाई बाहेर औषधं आणायला गेल्या होत्या.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या विषयात काही ओळखबिळख निघत नाही का?"

मी 'बघतो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी जाऊन खरोखरच बघितलंही. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली मुलं आठवून आठवून काढली. एक पारनेरकडे तहसीलदार, दोन पोलिसांत, बरीचशी मास्तरकीत, आणि एक पासपोर्टच्या कचेरीत. त्याला फोन केला. तो भला मुलगा, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माणसाला बाहेर जाऊ द्यायचं की नाही ते आम्ही बघतो. परत आत घ्यायचं की नाही ते त्यांचं ते बघतात. त्यांच्या दारात आम्हालाही कोणी ओळखत नाही." मला स्वतःचीच चीड आली. सुरक्षा परिषदेत कोण कधी नकाराधिकार वापरतो हे मी झोपेत सांगू शकतो, आणि एका मरणाऱ्या माणसाचा मुलगा मला कोथरूडपर्यंत आणता येत नव्हता.

पुन्हा गेलो तेव्हा दिगंबररावांना बोलायला फार कष्ट पडत होते. तरी बोलत होतेच.

"अभिनवचं... काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"व्हिसाचं होत नाहीये," बाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पायांवरची शाल नीट करत होत्या.

"मेली ती अमेरिका," दिगंबरराव म्हणाले. "नाश होवो तिचा." मग मास्क लावून घेतला आणि मास्कच्या आतूनही ते काहीतरी बोलत राहिले. शिव्याच असाव्यात, कारण चेहऱ्यावर जरा समाधान होतं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

त्या आठवड्यातच दिगंबरराव गेले. अग्नी पुतण्याने दिला. अभिनवने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं, पुतण्याने एका हातात फोन धरला होता, आणि गुरुजी मधूनच म्हणत होते, "जरा पुढे घ्या, दिसत नसेल त्यांना."

मी समाचाराला गेलो तेव्हा घरात माणसं होती. दिगंबररावांची धाकटी बहीण, नंदाताई, साताऱ्याहून आल्या होत्या आणि मोकळेपणी संतापत होत्या.

"बापाच्या तोंडात पाणी घालायला आला नाही! कसला तो देश आणि कसले ते कायदे! माणसं आहेत का कोण आहेत?"

"वन्सं, तसं नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला होता. "त्यांचा नियम सगळ्यांना सारखा आहे. एकाला सूट दिली तर..."

"वहिनी!" नंदाताई ओरडल्या. "अहो, तुमचा नवरा गेलाय!"

बाई थांबल्या. मला तिथे बसवेना, म्हणून मी उठलो. बाई मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या, आणि दार मागे ओढून घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"सर, अभिनवने तिकीट काढलं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?" मी विचारलं.

"हे दवाखान्यात होते तेव्हा. निघायच्या आदल्या दिवशी फोन केला त्याने. म्हणाला, आई, निघतो, पुढचं पुढे बघू. रडत होता. मी त्याला शांत केलं. मग सगळं मांडून दाखवलं. शिक्का किती दिवस अडकू शकतो, कंपनी किती थांबेल, नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागतो, ओवीच्या शाळेचं काय, सुनेच्या कामाचं काय. वर्गात मांडते ना, तसं. एक मुद्दा सोडला नाही. शेवटी म्हणाला, तुझं बरोबर आहे, आई. आणि तिकीट रद्द केलं."

बाईंनी मागचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"तीन वर्षांपूर्वीची मी असते ना सर, तर मला यातलं काही सुचलंच नसतं. मी नुसती रडले असते. ये रे, म्हणाले असते. आणि आला असता तो."

"दिगंबररावांना हे..."

"नाही सांगितलं. त्यांना व्हिसाचंच सांगितलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते अमेरिकेला शिव्या देत गेले, सर. त्यांना तेवढं तरी मिळालं. मी कोणाला देऊ?"